सागाचा गाभा पाहा, मगच दार घ्या
- प्रतिनिधी

घराचे मुख्य दार सागवानीच हवे, हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कुटुंबांचा जुना आग्रह. तो केवळ प्रतिष्ठेपोटी नाही. येथील पावसाळ्यात साधे लाकूड फुगते, दार चौकटीत अडकते आणि वाळवी लागते. साग फुगतो-आकसतो फारच कमी.

या भागाचा आणि सागाचा संबंधही जवळचा आहे. शहापूर-मुरबाडच्या जंगलांत साग नैसर्गिकरीत्या वाढतो. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीकाठी जहाजबांधणी सुरू केली. सागाच्या टिकाऊपणाची साक्ष मुंबई गोदीतही मिळते. वाडिया घराण्याने तेथे सागवानात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे.

या टिकाऊपणाचे रहस्य गाभ्यात आहे. सोनेरी-तपकिरी गाभ्यातील नैसर्गिक तेल व रासायनिक द्रव्ये वाळवी आणि बुरशीला दूर ठेवतात. ओक लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागात तो त्रास नसतो. वाळलेल्या सागाच्या एका घनफुटाचे वजन साधारण १८ ते २० किलो भरते. मात्र त्यातील वालुकांशामुळे रंध्याची व करवतीची धार लवकर जाते. तेलकटपणामुळे सांधा चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग ताजा रंधून पुसून घ्यावा लागतो.

काश्मिरी कोरीवकामासाठी प्रसिद्ध असलेले अक्रोडाचे लाकूड वजनाने जवळपास सागाइतकेच. चॉकलेटी रंग आणि बारीक नक्षी धरण्याचा गुण यांमुळे ते खोलीतील सामानाला शोभते. वाळवी व ओल यांपुढे मात्र ते सागाइतके टिकत नाही. म्हणून बाहेरच्या दाराला साग, शोभेच्या पेटीला अक्रोड, ही विभागणी योग्य ठरते.

खरी फसगत होते ती सागाच्या नावाखालीच. गाभ्याभोवतीचा फिकट पिवळट भागही सागच, परंतु त्याला वाळवी लागते. कमी वयात तोडलेल्या झाडात हा भाग जास्त असतो. चौकट घेताना पॉलिश करण्यापूर्वीच ती चारही बाजूंनी व टोकांना पाहावी. जुने वाडे व चाळी पाडल्यावर निघणारे सागवानही उत्तम. फक्त खिळे काढून व कीड तपासून घ्यावे. जंगलातून आलेल्या मालासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, तोही विक्रेत्याकडे अवश्य मागावा.