आटलेल्या वहाळांचा नकाशा

सर्व्हे ऑफ इंडियाचे एका इंचाला एक मैल प्रमाणाचे जुने नकाशे वाचताना आधी रंग समजून घ्यावे लागतात. लागवड पिवळी, झाडी हिरवी, चढउताराच्या रेषा तपकिरी. मला सगळ्यात बोलकी वाटते ती ओढ्यांची रेघ. पाणी असेल तर निळी, पात्र कोरडं असेल तर काळी. या नियमाने आमच्या पिंगुळीचे उन्हाळ्यात आटणारे वहाळ काळेच ठरतात. जुलैत त्यातला एखादा ओलांडून दाखवा म्हणावं!

कारण साधं आहे. सर्व्हेयर पाऊस संपल्यावर निघत आणि पुढच्या पावसाआधी परतत. कोकणच्या पावसात प्लेन टेबलवर कागद टिकणार तरी कसा? म्हणजे हा नकाशा वर्षातल्या कोरड्या महिन्यांचा. शिवाय त्यात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे ६३ मीटर. भाताचे कुणगे वेगळे दिसणं शक्यच नाही, त्यांचा एक पिवळा पट्टा होतो.

खरा घोटाळा सड्याचा. पिंगुळीहून मालवणकडे जाताना लागणारे जांभ्याचे सडे कोरड्या महिन्यांत उघडेबोडके असतात. ना पिवळे, ना हिरवे, म्हणून कागदावर कोरे. पावसात तिथे गवत माजतं, गुरं चरतात, डबक्यांच्या कडेने सीतेची आसवं फुलतात. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना पोचतं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर तर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कुडोपीही आहे.

आता उपग्रह आले, असं म्हणून सुटका होत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हे जास्त खुपतं. साधा कॅमेरा ढगांतून पाहू शकत नाही, त्यामुळे जमीन-वापर ठरवायला निरभ्र महिन्यांची चित्रं सोयीची पडतात. पुन्हा तेच कोरडे महिने. केंद्र सरकार २००० सालापासून वेस्टलँड अ‍ॅटलास काढतं, त्यात खडकाळ आणि झुडपी जमिनींचे वर्ग आहेत. सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. जमिनीला असं नाव पडलं की खाण किंवा प्रकल्प मागणाऱ्याला ती रिकामी म्हणून दाखवता येते. गुरं नेणाऱ्याला मात्र सडा वापरात आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि त्याच्याकडे पावसाळ्यातला नकाशा नसतो.