उकळणे आणि मुरवणे : चहाच्या इतिहासातील एक समज

सुट्या पानांवर आधणाचे पाणी ओतून, झाकण ठेवून अर्क उतरू देणे हीच चहा करण्याची मूळ व शुद्ध रीत होय, आणि पातेल्यात पत्ती उकळणे हा अलीकडचा ग्राम्य प्रकार होय, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. इतिहास त्यास पुष्टी देत नाही.

तांग राजवटीतील लू यू याने आठव्या शतकात 'चा-चिंग' हा ग्रंथ रचिला. त्यातील चहा वड्यांचा आहे; वडी भाजावयाची, कुटून तिची पूड करावयाची व ती पाण्यात उकळावयाची. पाण्याच्या तीन अवस्था तो वर्णितो. माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे येऊन मंद नाद होऊ लागला की मीठ घालावे. भांड्याच्या कडेने मोत्यांचे सर उठू लागले की एक पळी पाणी काढून ठेवावे, उरलेले ढवळून मध्यभागी पूड सोडावी. लाटा उसळताच काढलेले पाणी परत ओतून उकळी मोडावी. यापुढे पाणी 'म्हातारे' होते. आले, पुदिना, संत्र्याची साल घालून उकळलेल्या चहास तो गटाराचे पाणी म्हणतो. ही तक्रार म्हणजेच त्या प्रथेचा पुरावा नव्हे काय?

सुंग काळात पूड वाटीत घुसळीत. सुटी पानेही तेव्हा होतीच. परंतु 1391 मध्ये मिंग सम्राट हुंग-वू याने वड्यांचा नजराणा बंद करविला, तेव्हा त्यांस दरबारी प्रतिष्ठा लाभली. चहादाणीचा उदय त्यानंतरचा. सतराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांच्या हाती आली ती ही उत्तरकालीन रीत. तीच त्यांनी सनातन मानली.

याच सुमारास सुरतेस आलेला पाद्री ओव्हिंग्टन निराळेच काही नोंदवितो. तेथे चहा खडीसाखरेबरोबर किंवा मुरवलेल्या लहान लिंबांबरोबर घेत, आणि उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर गुणकारी समजत. म्हणजे मसाल्याचा उकळलेला चहा मळ्यांच्या काळापूर्वीच पश्चिम किनाऱ्यावर परिचित होता.

मराठीची साक्षही या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. घरोघरी चहा 'टाकतात' किंवा 'ठेवतात'. दोन्ही क्रियापदांत आधण आणि चूल गृहीत आहेत. 'मुरवणे' हे क्रियापद लोणच्याचे व मोरावळ्याचे. बोलीत ते चहाकडे क्वचितच वळले.