मधुमेही मांजर : घरी साखर तपासताना रक्त कुठून घ्यावे?

मांजरालाही मधुमेह होतो. पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे आणि खाऊनही वजन घटणे, ही त्याची मुख्य लक्षणे. निदान व इन्सुलिनचे प्रमाण जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे, पण साखर घरी तपासता येते. त्याचा फायदाही आहे. कोडोलीहून मांजराला पिंजऱ्यात घालून कोल्हापूरला नेले तर भीतीनेच त्याची साखर चढते आणि आकडा फसवा येतो.

कानाची कड : पहिली पसंती हीच. बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. शीर आणि कड यांच्यामधल्या जागी टोचायचे. आधी कोमट कापडाने कान शेकावा, म्हणजे रक्त लवकर येते. कानामागे कापसाची घडी धरा, नाहीतर सुई आपल्याच बोटात जाते. व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला तर रक्त केसांत न पसरता थेंब धरते. नंतर कापसाने दाबून धरा. रोज कान बदला.

पंजाची गादी : मांजर कानाला हात लावू देत नसेल तर पुढच्या पायाच्या मागे, थोडी वर असलेली छोटी गादी निवडा. ती जमिनीला टेकत नाही. चालताना टेकणारी गादी शक्यतो नको; तिथे दुखते आणि जखमेत घाण जाते.

टोचायची जागा कोरडी हवी. पाणी किंवा स्पिरिट राहिले तर आकडा चुकतो. प्रत्येक वेळी नवी सुई घ्या.

अब्बांची साखर तपासायला आणलेले मशीन चालेल का? चालते, पण माणसांची मशीन मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. मांजरासाठीचे मशीन मिळाले तर उत्तम. कोणते वापरता ते डॉक्टरांना सांगा, मशीन सारखे बदलू नका आणि वेळेसह आकडे वहीत लिहा.

आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय इन्सुलिन द्यायचे नाही. मांजर लडखडत असेल, थरथरत असेल तर साखर उतरल्याचा धोका आहे. हिरड्यांना थोडा मध चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नका. एका आकड्यावरून डोस वाढवणे जिवावर बेतू शकते.