खिडकीबाहेरील वृक्ष आणि रुग्णाचे आरोग्य : रॉजर उल्रिच यांच्या संशोधनकार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न राहते, आजारी माणसाला हवापालट मानवतो, ही समजूत अनेक समाजांत पूर्वापार चालत आलेली आहे. परंतु समजूत कितीही जुनी असली तरी तिला शास्त्रीय ज्ञानाचा दर्जा आपोआप प्राप्त होत नाही. त्यासाठी तिची कसोटी लागावी लागते. झाडे, पाणी, मोकळे आकाश यांचा मानवी आरोग्यावरील परिणाम मोजता येतो काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या संशोधकांनी हाती घेतला, त्यांत अमेरिकन भूगोलतज्ज्ञ रॉजर उल्रिच यांचे स्थान अग्रगण्य आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनाचे टप्पे, त्यांची पद्धती आणि त्या पद्धतीच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

या विचाराला एकोणिसाव्या शतकाची पार्श्वभूमी आहे. आधुनिक परिचर्याशास्त्राच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मधील आपल्या शुश्रूषाविषयक ग्रंथात रुग्णाला खिडकीतून बाहेरचे दिसणे, फुले व रंग दृष्टीस पडणे यांचे महत्त्व नमूद केले होते. अमेरिकेतील उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८६५ मध्ये योसेमिटी खोऱ्यासंबंधीच्या अहवालात निसर्गदृश्यांचा संबंध आरोग्याशी जोडला. तथापि ही मते अनुभवी व्यक्तींच्या निरीक्षणावर आधारलेली होती. एका परिस्थितीतील रुग्णांची दुसऱ्या परिस्थितीतील रुग्णांशी पद्धतशीर तुलना त्यांच्यामागे नव्हती.

विसाव्या शतकात रुग्णालयाच्या वास्तूचा विचार मुख्यतः जंतुसंसर्ग, यंत्रसामग्री आणि कर्मचाऱ्यांची सोय या दृष्टींनी होऊ लागला. खिडकीबाहेर काय दिसते हा प्रश्न त्यात गौण ठरला.

भूगोलाकडून मानसशास्त्राकडे

उल्रिच यांनी मिशिगन विद्यापीठातून भूगोल विषयात डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय वरकरणी अगदी साधा होता. अ‍ॅन आर्बर या शहरातील रहिवासी खरेदीसाठी जाताना जलद महामार्ग सोडून वृक्षांनी वेढलेला, अधिक वेळ घेणारा रस्ता का निवडतात, याचा शोध त्यांनी घेतला. हा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मनुष्य केवळ वेळ आणि अंतर यांचा हिशेब करून मार्ग ठरवीत नाही, हे त्यातून पुढे आले.

मात्र लोकांना झाडे आवडतात असे दाखविणे ही एक गोष्ट, आणि झाडांमुळे त्यांच्या प्रकृतीत फरक पडतो असे दाखविणे ही दुसरी. उल्रिच यांची पुढील वाटचाल पहिल्या विधानाकडून दुसऱ्या विधानाकडे झालेली दिसते. १९७९ मध्ये त्यांनी नुकतीच परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना निसर्गाची व शहरी भागांची चित्रे दाखवून त्यांच्या भावस्थितीतील बदल नोंदविले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमध्ये केलेल्या अभ्यासात त्यांनी मेंदूतील अल्फा लहरींचे मापन केले. प्रश्नावलीकडून शारीरिक मापनाकडे झालेला हा प्रवास महत्त्वाचा होय.

किशोरवयात मूत्रपिंडाच्या विकारामुळे आपणास दीर्घकाळ अंथरुणावर राहावे लागले आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाइन वृक्षाने त्या काळात आधार दिला, असे उल्रिच यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. ही आठवण त्यांच्या जिज्ञासेचे मूळ दर्शविते; परंतु तिला त्यांनी पुरावा मानले नाही.

१९८४ चा अभ्यास

उल्रिच डेलावेअर विद्यापीठात भूगोलाचे अध्यापन करीत असताना त्यांचा सर्वाधिक प्रसिद्ध शोधनिबंध एप्रिल १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रकाशित झाला. त्याचा विस्तार अवघ्या दोन पृष्ठांचा होता. पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका उपनगरी रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यासाठी वापरल्या गेल्या. तेथील खोल्या जवळजवळ एकसारख्या होत्या. फरक इतकाच, की काही खोल्यांच्या खिडकीतून वृक्ष दिसत, तर काहींतून तपकिरी विटांची भिंत.

एकूण ४६ रुग्णांच्या २३ जोड्या करण्यात आल्या. लिंग, वय, धूम्रपान, स्थूलपणा, मजला, शस्त्रक्रियेचा काळ अशा बाबतींत जोडीतील दोन्ही रुग्णांत साम्य राहील याची काळजी घेतली गेली. झाडांना पालवी असते अशा, १ मे ते २० ऑक्टोबर या काळातीलच नोंदी स्वीकारल्या गेल्या. नोंदींतून माहिती काढणाऱ्या परिचारिकेला कोणत्या रुग्णाच्या खिडकीबाहेर काय होते हे ठाऊक नव्हते. निष्कर्षात पूर्वग्रह शिरू नये म्हणून घेतलेली ही दक्षता विशेष उल्लेखनीय आहे.

वृक्ष दिसणाऱ्या रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवस, तर भिंत दिसणाऱ्यांचा ८.७० दिवस भरला. परिचारिकांनी लिहिलेले प्रतिकूल शेरे दर रुग्णामागे अनुक्रमे १.१३ व ३.९६ होते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत वृक्ष दिसणाऱ्या गटाला तीव्र वेदनाशामक औषधांची गरज कमी भासली. चिंताशामक औषधांच्या वापरात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

निष्कर्षांच्या मर्यादा

मुक्कामातील फरक ०.७४ दिवसाचा, म्हणजे सुमारे १८ तासांचा होता. उल्रिच यांनी स्वतःच निबंधात बजावले होते, की तुलनेसाठी घेतलेली भिंत एकसुरी होती. म्हणून हा निष्कर्ष सर्व मानवनिर्मित दृश्यांना किंवा सर्व प्रकारच्या रुग्णांना लागू करता येणार नाही. गजबजलेला रस्ता दिसला असता तर काय झाले असते, याचे उत्तर या अभ्यासात नाही.

पुढे या निबंधाचा उल्लेख जगभर झाला. परंतु निष्कर्षासोबतची ही मर्यादा पुष्कळदा गळून पडली. ‘झाडे पाहिल्याने रुग्ण लवकर बरा होतो’ असे सरसकट विधान रूढ झाले. शिवाय १९९० नंतर पित्ताशयाची शस्त्रक्रिया प्रामुख्याने दुर्बिणीच्या साहाय्याने होऊ लागली आणि रुग्णालयातील मुक्काम बराच घटला. त्यामुळे आठवडाभराच्या मुक्कामावर आधारलेली तीच तुलना त्याच स्वरूपात पुन्हा करणे कठीण झाले.

उपपत्ती आणि पुढील कार्य

एका अभ्यासावर विसंबून न राहता उल्रिच यांनी पुढील दशकांत विषय विस्तारला. १९९१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह १२० व्यक्तींना प्रथम ताण निर्माण करणारा चित्रपट व नंतर निसर्गाची किंवा शहराची चित्रफीत दाखविली. हृदयाची गती, स्नायूंचा ताण व त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजली असता निसर्गदृश्ये पाहणारे अधिक लवकर व अधिक पूर्णपणे पूर्वस्थितीस आल्याचे दिसले. मिशिगन विद्यापीठातील रेचेल व स्टीफन कॅप्लन यांनी थकलेल्या अवधानाची पुनःस्थापना या अंगाने निसर्गाच्या परिणामाची मीमांसा केली होती. उल्रिच यांनी भावना व शारीरिक ताण यांवर भर दिला.

१९९३ मध्ये मांडलेला स्वीडनमधील उप्साला येथील अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १६० रुग्णांपैकी ज्यांच्यासमोर वृक्षांनी वेढलेल्या प्रवाहाचे मोकळे दृश्य होते, त्यांची चिंता कमी आढळली. गर्द, छायामय वनाच्या चित्राने तसा लाभ झाला नाही, आणि सरळ रेषांच्या एका अमूर्त चित्राने चिंता उलट वाढली. म्हणजे ‘निसर्ग’ ही एकजिनसी गोष्ट नव्हे. कोणते दृश्य, कोणत्या रुग्णासमोर, हा प्रश्न उरतोच.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात आणि त्यानंतर स्वीडनमधील चाल्मर्स तंत्रविद्यापीठात उल्रिच यांनी रुग्णालयवास्तूचा अभ्यास चालू ठेवला. २००४ मध्ये क्रेग झिमरिंग व सहकाऱ्यांसह सादर केलेल्या अहवालात रुग्णालयाच्या वास्तूविषयी ६०० हून अधिक शास्त्रीय अभ्यासांचा मागोवा घेतला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनमधील नव्या रचनेच्या मनोरुग्णालयाची तुलना जुन्या वास्तूशी केली असता, ज्यांना बांधून ठेवावे लागले अशा रुग्णांमागे या उपायाचे सरासरी प्रमाण निम्म्यावर आल्याचे आढळले. मात्र उद्यान, नैसर्गिक प्रकाश, स्वतंत्र खोल्या असे अनेक बदल एकत्र झाल्याने त्याचे श्रेय केवळ निसर्गाला देता येत नाही.

जपानमधील समांतर प्रवाह

याच काळात जपानमध्ये वेगळ्या दिशेने प्रयत्न झाले. तेथील वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे ‘वनस्नान’ ही संकल्पना पुढे आणली. निप्पॉन वैद्यकीय विद्यालयातील छिंग ली यांनी २००५ मध्ये टोकियोतील १२ पुरुष कर्मचाऱ्यांना तीन दिवस वनात नेऊन त्यांच्या रक्तातील नैसर्गिक मारक पेशींची क्रियाशीलता वाढल्याचे नोंदविले. येथेही सहभागी व्यक्तींची अल्प संख्या लक्षात ठेवूनच निष्कर्ष वाचावे लागतात.

निष्कर्ष

१. उल्रिच यांचे मुख्य योगदान निसर्गाची महती सांगण्यात नसून, एका जुन्या समजुतीला तुलना व मापन यांच्या कक्षेत आणण्यात आहे.

२. १९८४ चा अभ्यास खर्चिक साधनांवर उभा नव्हता. रुग्णालयात पडून असलेल्या नोंदी आणि नेमका प्रश्न यांच्या बळावर तो सिद्ध झाला. भूगोलाच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या क्षेत्रात घातलेली ही भर आंतरविद्याशाखीय संशोधनाचा उत्तम नमुना होय.

३. संशोधकाने सांगितलेली मर्यादा हा निष्कर्षाचाच भाग असतो. ती वगळून निष्कर्ष उद्‌धृत केल्यास ज्ञान पुन्हा समजुतीच्या पातळीवर उतरते, हे या अभ्यासाच्या पुढील प्रवासावरून स्पष्ट होते.

४. वेदनेत पडलेल्या माणसाच्या दृष्टीने खिडकीबाहेरचे झाड ही चैनीची वस्तू नव्हे, असे मानण्यास या संशोधनाने आधार दिला. तो आधार जेवढा आहे तेवढाच मांडणे, यातच त्याचे बळ आहे.