पुराण नकलून घेणारे हात

रेवदंड्याच्या किल्ल्यात माडांच्या वाड्यांतून हिंडताना जुन्या चर्चच्या भिंती आणि तो सातखणी मनोरा दृष्टीस पडतो. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी हे ठाणे सोडले. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात मात्र पोर्तुगीज वळणाची ख्रिस्ती बोली आजही कानी पडते. गावकरी तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. ती आईने लेकराला दिली, एवढेच. बोलीला कोणाचा परवाना लागत नाही. ग्रंथाला लागतो. तो मिळण्याचे दारच बंद झाले तर वाचकाने काय करावे, हा प्रश्न फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा इतिहास वाचताना आमच्या मनात वारंवार उभा राहतो.

जवळजवळ ११,००० ओव्यांचे हे मराठी पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६१९ मध्ये फादर निवर्तले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या काळी धर्माधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून पुस्तक छापता येत नसे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील मुद्रण थंडावले ते १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाले नाही. त्यातच १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. ज्या भाषेत पुराण रचले तिलाच घराबाहेर काढण्याचा हा बेत होता. त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही.

तरीही पुराण मेले नाही. भाविकांनी ते हाताने उतरून घेतले, उपवासकाळात गायिले, आणि गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ती हस्तलिखिते जपली. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्डाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला पुराणाची आवृत्ती काढली. १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांना लंडनमधील मार्सडेन-संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुराण देवनागरीत छापले, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाच्या हाती ते आले. मधल्या अडीचशे वर्षांचा सारा भार नकलणाऱ्यांनी वाहिला. त्यांची नावे बहुतेक आपणांस ठाऊकही नाहीत.

मात्र नक्कल निर्दोष नसते. हस्तलिखितांत पाठभेद आहेत, आणि देवनागरी प्रतीतील शब्दकळा रोमन प्रतींहून अधिक संस्कृत वळणाची आहे. तेव्हा यांपैकी फादरांचे शब्द कोणते, याचा वाद विद्वानांत चालतो. नकलणाऱ्याने ग्रंथ वाचविला, आणि कळत-नकळत बदललाही.

आयर्लंडमध्ये अशी आख्यायिका आहे की, संत कोलंबा यांनी संत फिनियन यांच्या स्तोत्रग्रंथाची गुपचूप नक्कल केली. तेव्हा वासरू जसे गाईचे, तशी प्रत मूळ ग्रंथाची, असा न्याय राजाने दिला. मालकी सांगणारा समोर उभा होता, म्हणून हा न्याय आम्हांस समजतो. पण मालकच नाहीसा झाला असेल, किंवा असूनही पुस्तक विकत नसेल तर? आजची अडचण हीच आहे. जुनी भक्तिगीतांची कॅसेट दुकानात मिळत नाही, प्रकाशक बंद पडलेला, लेखकाचे वारस कोठे आहेत कोणास माहीत नाही. आणि कोणी झेरॉक्स काढतो, कोणी मोबाइलवर उतरवून घेतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की, आत्यंतिक गरजेत दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हे. पुस्तकासाठी हा आधार पुढे करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. भुकेल्याची भाकर आणि वाचकाची आवड यांत अंतर आहे. त्यांचेच दुसरे सूत्र येथे अधिक लागू पडते: नियमकर्त्याच्या डोळ्यांसमोर नसलेल्या प्रसंगी नियमाच्या अक्षरापेक्षा त्याचा हेतू पाहावा. लेखकाच्या कष्टाचे मोल त्याला मिळावे, हा स्वामित्वहक्काचा हेतू. जेथे विक्रीच नाही, तेथे नकलेने कोणाचे मोल बुडते?

आपला १९५७ चा कायदाही इतका कठोर नाही. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी काढता येतात. मालक सापडत नसलेल्या कृतीसाठी परवाना मागण्याची वाटही त्यात आहे. ती लांबची आहे खरी. घरातल्या कपाटासाठी केलेल्या नकलेला मात्र हे तीन-प्रतींचे कलम आश्रय देत नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क अबाधित राहतो. म्हणून आमच्या मते आधी वारसांचा शोध घ्यावा, पत्र लिहावे. उत्तर न आल्यास काढलेल्या प्रतीवर लेखकाचे नाव ठळक असावे, शब्द बदलू नयेत, पैसा घेऊ नये. नवी आवृत्ती निघाल्यास ती विकत घ्यावी. आणि लेखकाने स्वतःच आपली कृती मागे घेतली असेल तर? तेथे आमचा हात थांबतो, कारण त्याचा नकार ही दुर्लक्षाची बाब नव्हे.

फादर स्टीफन्स यांनी काहीच मागे घेतले नव्हते. देवनागरी खिळे पाडून मराठी ग्रंथ छापावा, अशी इच्छा त्यांनी रोमला कळविली होती. ती त्यांच्या हयातीत सिद्धीस गेली नाही.