शिकविणाऱ्यांचें शिकणें

गांवच्या शाळेंतील मास्तराला वर्गापुढें उभें राहण्यापूर्वीं शिकविण्याची विद्या शिकावी लागते. माध्यमिक शाळेंतील शिक्षकालाही ती चुकत नाहीं. परंतु महाविद्यालयाच्या व्यासपीठावर चढणाऱ्या प्राध्यापकाला मात्र ती आपोआपच येत असावी, असा समज आपल्या देशांत दीर्घ काळ रूढ होता. ज्यानें आपल्या विषयांत वरच्या वर्गाची पदवी मिळविली, त्याला तो विषय दुसऱ्यास समजावून देतां येणारच. त्याबद्दल शंका घेणें हाच जणूं त्याच्या विद्वत्तेचा अवमान! हा समज कोठून आला, तो कसा ढळला आणि तो ढळल्यावरही कोणतें काम शिल्लक राहिलें, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभच मोठा चमत्कारिक आहे. मुंबईस विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीं बारा वर्षें, म्हणजे १८४५ सालीं, मराठी शाळांसाठीं शिक्षक तयार करणारा अध्यापनवर्ग मुंबईंत चालूं झाला होता आणि त्याचे संचालक होते बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण' पत्राचे संपादक म्हणून बाळशास्त्र्यांचें नांव सर्वांच्या ओठीं आहे. परंतु एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें अध्यापन केलेला हा पंडित आपल्या अल्प आयुष्याच्या अखेरीस साध्या पंतोजींना घडवीत होता, याचें स्मरण फार थोड्यांना असतें. १८४६ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. माध्यमिक शिक्षकांसाठीं मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघावयास पुढें १९०६ साल उजाडलें. आणि विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या अध्यापकांसाठीं देशभर कायमची सोय व्हावयास १९८७ सालापर्यंत वाट पाहावी लागली. पायरी जितकी उंच, तितकी शिकविण्याची विद्या तिच्यापर्यंत उशिरां पोंचली, असा हा उलटा क्रम आहे.

याचें कारण आमच्या विद्यापीठांच्या जन्मांतच सांपडतें. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं, तीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकविण्याचें काम महाविद्यालयांनीं करावें, विद्यापीठानें परीक्षा घ्यावी आणि पदव्या द्याव्या, अशी ती वांटणी होती. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीं दोघे. पहिलेंच पीक इतकें कसदार निघाल्यावर शेताच्या मशागतीकडे कोण पाहतो? अध्यापनाचें कार्य विद्यापीठांनीं स्वतः करावें, ही मोकळीक १९०४ च्या कायद्यानें स्पष्ट झाली. आणि मुंबईस पॅट्रिक गेडिस यांच्यासारखा विद्वान समाजशास्त्राच्या अध्यासनावर येऊन बसला तो १९१९ सालीं, विद्यापीठाच्या स्थापनेनंतर बासष्ट वर्षांनीं. ज्या संस्थेचा जन्मच परीक्षेपोटीं झाला, तिच्या हिशेबीं उत्तम परीक्षार्थी तोच उत्तम अध्यापक ठरावा, यांत नवल तें काय?

तथापि त्या काळीं या बाबतींत कांहींच नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पेशवाईंतील दक्षिणेची प्रथा आपणांस ठाऊक आहे. श्रावणांत पुण्यास विद्वान ब्राह्मणांना वांटल्या जाणाऱ्या त्या द्रव्याचें रूप इंग्रजी अमलांत बदलत गेलें आणि त्याचा कांहीं भाग महाविद्यालयांतील 'दक्षिणा फेलो' या शिष्यवृत्तीकडे वळला. हुशार तरुणानें आपलें अध्ययन पुढें चालवावें आणि खालच्या वर्गांना थोडें शिकवावें, अशी ती योजना होती. रानडे व भांडारकर या दोघांनींही अशा रीतीनें अध्यापनाचा श्रीगणेशा केला. सुताराचें पोर वडिलांच्या शेजारीं बसून रंधा चालवावयास शिकतें, तसलाच हा प्रकार. त्याला शास्त्र नव्हतें, परंतु सहवास होता.

दुसरें उदाहरण पुण्याचें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. अल्प वेतनावर वीस वर्षें सेवा करण्याचें व्रत घेतलेले आजीव सदस्य तेथें शिकवीत. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं तेथें गणित शिकविलें, इंग्रजी शिकविलें, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविलें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९१ पासून गणिताचे धडे दिले. या मंडळींना शिकविण्याची कला कोणी शिकविली? कोणींच नाहीं. त्यागानें, अभ्यासानें आणि एकमेकांच्या धाकानें ते शिकले. परंतु व्रतस्थांच्या बळावर एक संस्था चालते. शेंकडों महाविद्यालयें चालत नाहींत. संख्या वाढली कीं व्यवस्था लागते.

ही जाणीव प्रथम विस्तारानें प्रकट झाली ती कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठीं १९१७ सालीं नेमलेल्या आयोगांत. सर मायकेल सॅडलर हे त्याचे अध्यक्ष. १९१९ सालीं तेरा खंडांचा अहवाल सिद्ध झाला. प्रचंड वर्गांना टिपणें उतरवून देण्याच्या पद्धतीवर त्यानें कडक टीका केली, विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचे स्वतंत्र विभाग असावेत असें सुचविलें, आणि विद्यार्थ्यांचें आरोग्य, निवास व कल्याण हेंही विद्यापीठाचेंच काम आहे असें बजावलें. १९२१ सालीं निघालेल्या डाक्का विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थी कोणत्या तरी वसतिगृहाशीं जोडलेला असे, तें याच विचाराचें फळ.

परंतु विद्यार्थ्याच्या पाठीशीं उभें राहण्याची गोष्ट महाराष्ट्रानें केवळ अहवालांतून शिकलेली नाहीं. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें, तेव्हां 'कमवा आणि शिका' ही त्यांची रीति महाविद्यालयांतही आली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज उघडलें, तेव्हां नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीं तेथें सकाळचे वर्ग ठेवले. या तिघांनींही एकच प्रश्न आधीं विचारला : येणारा मुलगा कोणत्या घरून येतो? तो जेवतो कोठें, झोपतो कोठें, दिवसभर काय करतो? अध्यापकाच्या शिक्षणाचा खरा आरंभ याच प्रश्नापासून व्हावयास हवा होता.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं विद्यापीठ शिक्षण आयोग बसला (१९४८-४९). त्यानें शिक्षकांच्या उजळणीवर्गांचा आणि विद्यार्थिकल्याणाच्या सल्लागार मंडळांचा पुरस्कार केला. याहून नेमकें बोलला तो १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेला कोठारी आयोग. त्याचे सचिव-सदस्य जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशीं त्यांचा निकटचा संबंध होता. आयोगाचें म्हणणें असें : नव्या अध्यापकाला संस्थेंत रुळावयास थोडा अवधि द्यावा, चांगल्या अध्यापकांचे तास ऐकण्यास त्याला उत्तेजन द्यावें, प्रत्येक विद्यापीठानें उद्बोधनाचे वर्ग नियमानें भरवावेत, आणि मोठ्या विद्यापीठांनीं अथवा विद्यापीठांच्या गटांनीं त्यासाठीं कायमचें स्टाफ कॉलेज काढावें. विद्यार्थ्यांविषयींही त्यानें मोघम लिहिलें नाहीं. निदान एक हजार विद्यार्थ्यांमागें एक समुपदेशक असावा, असा आंकडाच त्यानें दिला. आणि या सेवा म्हणजे दयेचें दान नसून शिक्षणाचेंच अंग आहेत, असें स्पष्ट म्हटलें.

अहवाल सादर झाला १९६६ सालीं. त्यांतील स्टाफ कॉलेज प्रत्यक्षांत यावयास आणखी वीस वर्षें गेलीं. मधल्या काळांत उन्हाळी वर्ग झाले, परंतु त्यांचा भर विषयज्ञान ताजें करण्यावर असे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मात्र गाडें हललें. विद्यापीठ अनुदान आयोगानें 'ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेज' ही योजना आंखली आणि पहिल्या खेपेस अठ्ठेचाळीस विद्यापीठें निवडलीं. आपल्याकडे पुणें, मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशा ठिकाणीं हीं केंद्रें चाललीं. नव्या अध्यापकासाठीं चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग. अनुभवी अध्यापकासाठीं तीन आठवड्यांचा, त्याच्या विषयाचा उजळणी वर्ग. उद्बोधन वर्गांत समाज आणि शिक्षण यांचा संबंध, शिक्षणाचें तत्त्वज्ञान व अध्यापनपद्धति, ज्ञानाचीं साधनें, आणि व्यवस्थापन व व्यक्तित्वविकास असे चार भाग असत.

या वर्गांचें माझ्या मतें सर्वांत मोठें पुण्य म्हणजे सरमिसळ. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक आणि संस्कृतचा अध्यापक एका बांकावर बसत. येथें एक घरची गोष्ट सांगितल्यास श्रोते क्षमा करतील. मी या व्यवसायांत शिरलों त्या दिवशीं कचेरींतून माझ्या हातीं हजेरीपट आणि खडू आला, खोलीचा क्रमांक कळला. एवढेंच माझें उद्बोधन. तास संपल्यावर मागच्या बांकावरचा एक मुलगा भीतभीत पुढें आला आणि म्हणाला, "सर, इंग्रजी शब्दांचा अर्थ मराठींत सांगाल का?" मी त्याला शब्दकोश पाहावयास सांगितलें. तो पुन्हां कधीं विचारावयास आला नाहीं, आणि दुसऱ्या सहामाहींत त्याचें नांव हजेरीपटावर नव्हतें. कांहीं वर्षांनीं मी उद्बोधन वर्गास गेलों. खरें सांगावयाचें तर बढतीसाठीं गेलों. तेथें प्रत्येकाला दहा मिनिटांचा पाठ सहकाऱ्यांपुढें द्यावा लागे. माझा पाठ झाल्यावर एक प्रौढ बाई शांतपणें म्हणाल्या, "सर, आपण चांगलें बोललांत, पण फळ्याशीं बोललांत." त्या क्षणीं मला तो मुलगा आठवला.

बढतीचा उल्लेख आला, तो टाळण्यासारखा नाहीं. १९८६ नंतरच्या नव्या वेतनव्यवस्थेंत अध्यापकाची वरिष्ठ श्रेणी अशा वर्गांच्या उपस्थितीशीं जोडली गेली. त्यामुळें केंद्रें ओस पडलीं नाहींत, हा लाभ. जे कधींच आले नसते, ते आले. आणि त्यांतले कांहीं, माझ्यासारखे, आल्यावर शिकले. परंतु प्रमाणपत्र हेंच ज्याचें फल, त्या वर्गांत पुष्कळांचें लक्ष प्रमाणपत्राकडेच राहिलें, ही हानि. परीक्षेपोटीं जन्मलेल्या विद्यापीठानें आपल्या अध्यापकांच्या शिक्षणालाही अखेर परीक्षेचेंच रूप दिलें, असें म्हटलें तर फार चुकणार नाहीं.

पुढें २०१५ सालीं या केंद्रांस 'मानव संसाधन विकास केंद्र' हें नांव मिळालें. २०२३ सालीं मालवीय मिशन या नांवानें अध्यापक-प्रशिक्षणाची नवी योजना आली, केंद्रांची संख्या १११ वर गेली आणि बरेचसे वर्ग घरबसल्या संगणकावर घेतां येऊं लागले. दूरच्या तालुक्यांतील अध्यापकाची, विशेषतः घरसंसार सांभाळणाऱ्या अध्यापिकेची, यांत मोठी सोय झाली हें खरें. मात्र एका बांकावर बसून मिळणारा तो स्पष्ट शब्द पडद्यावरून तितक्या सहजपणें मिळत नाहीं.

आणि कामाचा व्याप केवढा वाढला आहे! १९५० च्या सुमारास देशांत तिसांच्या आंत विद्यापीठें होतीं. आज तीं हजारांवर गेलीं आहेत. २०२१-२२ सालीं उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारें चार कोटी तेहतीस लाख होती. त्यांतील कितीतरी मुलें-मुली आपल्या घराण्यांतील पहिलीं पदवीधर होणार आहेत. कोठारी आयोगानें सांगितलेला हजारांमागें एक समुपदेशक अजूनही अनेक महाविद्यालयांत आढळत नाहीं. मुलाची फी थकली, भाषा अडली, मन खचलें, तर तो जातो कोणाकडे? बहुधा कोणाकडेच नाहीं. फार झालें तर ज्या अध्यापकाचा चेहरा त्यांतल्या त्यांत मायाळू दिसतो त्याच्याकडे. म्हणून अध्यापनाचें शिक्षण आणि विद्यार्थ्याची पाठराखण हीं दोन निराळीं खातीं नव्हेत. जो अध्यापक वर्गाकडे पाहून बोलावयास शिकतो, त्यालाच कोणता बांक रिकामा झाला हें दिसतें.

मोठ्या योजना सरकारनें आणि विद्यापीठांनीं कराव्या. त्यांस पैसा लागतो, काळ लागतो. परंतु कोठारी आयोगाच्या सूचनांपैकीं एक अशी आहे कीं तिला ना पैसा लागतो, ना इमारत. नव्या अध्यापकानें पहिल्या सहामाहींत जुन्या जाणत्या अध्यापकाच्या वर्गांत मागच्या बांकावर बसावें, आणि त्या जाणत्यानेंही अधूनमधून नव्याच्या वर्गांत येऊन बसावें. येत्या जूनमध्यें ज्यांच्या महाविद्यालयांत नवा अध्यापक रुजूं होणार असेल, त्यांनीं हजेरीपट आणि खडू यांच्याबरोबर हेंही आमंत्रण त्याच्या हातीं ठेवावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.