ओह्रिड चौकट करार
मॅसिडोनियातील (आताचा उत्तर मॅसिडोनिया) सरकारी फौजा व अल्बेनियन बंडखोर यांच्यातील संघर्ष थांबवणारा करार (१३ ऑगस्ट २००१). कोसोव्होतील युद्धाचा वणवा इकडेही पसरेल, या धास्तीने युरोपीय संघाने फ्रान्स्वा लेओतार यांना, तर अमेरिकेने जेम्स पार्ड्यू यांना मध्यस्थीसाठी धाडले. खरे तर संयुक्त राष्ट्रांचे प्रतिबंधक पथक तेथे होतेच; पण मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिल्यावर चीनने १९९९ मध्ये नकाराधिकार वापरून त्याची मुदतवाढ रोखली. बाल्कनचे भवितव्य असे भलतीकडेच ठरले! वाटाघाटींत खरी ओढाताण भाषेवरून झाली. अखेर किमान २० टक्के नागरिकांची भाषा अधिकृत ठरली. भाषा, शिक्षण, संस्कृतीविषयक कायद्यांना अल्पसंख्याक खासदारांचेही बहुमत आवश्यक झाले. नाटोने बंडखोरांची शस्त्रे गोळा केली. टेटोव्होच्या अल्बेनियन विद्यापीठाला मात्र सरकारी मान्यता २००४ मध्येच मिळाली.